उत्तर विसरण्याचं तापमान

बाबा डोंगरात शिरायचे, तांब्यासाठी.
मी खोक्यात शिरते.
डोंगर तोच, अकितातला, आता आतून पोकळ,
आणि शेड खाणीच्या बुजवलेल्या तोंडाशी.

आज भोंगे आलेत. दरीतल्या गावांचे,
खांबांवरून उतरवलेले. एकात कोळ्याचं घर,
एकात देवदाराच्या वाळक्या सुया.
आधी स्क्रू, मग पडदा, मग तारेची बारीक गुंडाळी.
एवढंसं तांबं बघून बाबा हसले असते.

काळा आणि जड निघाला तर फेराइट, त्या पिंपात टाक, त्याला भाव नाही.
नाण्याएवढा, चकचकीत, तो निओडिमियम.
पक्कड पितळेची घे, सांगितलं होतं नव्या पोराला, कोमुकाईला.
त्यानं पोलादी घेतली.
करंगळीचं नख अजून निळं आहे.

या भोंग्यावर पांढऱ्या रंगात सात.
सात म्हणजे शाळेमागचा खांब.
पाच वाजले, मुलांनो घरी जा, असं तो रोज सांगायचा,
शाळेला कुलूप लागल्यावरही नऊ वर्षं.
अस्वल दिसलं आहे, कचरा बाहेर ठेवू नका.
आणि त्या नोव्हेंबरात, दोनदा, सावकाश:
ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ. निळं जाकीट. रबरी बूट.
सकाळपासून.

नाव सांगत नाहीत. तसा नियम आहे.
मी मोरीशी उभी होते, हातात मुळा.
जाकिटाचं तिसरं बटण मीच लावलं होतं,
काळ्या दोऱ्यानं, निळा संपला होता म्हणून.

एप्रिलात बर्फ उतरलं. एक बूट.

चुंबक तेव्हाही बोलला नव्हता.
थरथरते ती गुंडाळी; तो नुसता जागेवर उभा असतो,
सगळ्या बातम्यांच्या पाठीमागे, गप्प.
दुपारभर खिशात ठेवला.
किल्ल्यांना चिकटला, लॉकरच्या दाराला चिकटला,
जाताना कमरेचा बक्कलच धरला त्यानं,
ओढून सोडवावा लागला.

मग ट्रेमध्ये, इतरांबरोबर.
साडेतीनशे अंशांवर तो उत्तर विसरतो.
मला तर कधी मिळालंच नव्हतं.
थंड झाल्यावर खिळा लावून पाहिला.
खिळा पडला, फरशीवर, केवढ्यानं वाजला.

किती भरला, असारीबाई? कोमुकाई विचारतो.
अडतीस ग्रॅम.
लिही. आणि त्या नखाला काहीतरी लाव.