दीड ग्रॅम

विट्याच्या स्टँडवर भजी बांधून दिली
त्या कागदावर आलं होतं:
आशियात यंदा इतके नवे कोट्यधीश.
आकड्यातली दोन-तीन शून्यं तेलानं पारदर्शक झालेली,
मागच्या पानावरची निधनवार्ता दिसत होती त्यातनं.
आमचा पोपट धरला असेल का ह्यात?
का मेला की वजा करतात?

बहात्तरला एका पत्र्याच्या पेटीत दोघांची कापडं.
मिरजेहून गाडी. कोइमतूरची भाषा कळेना,
सोनं कळायला लागलं.
मूस, चिमटा, तेजाब,
आणि तेजाबाचा तो तांबूस धूर
जो अजून माझ्या छातीत भाड्यानं राहतो.
उस्ताद म्हणायचा, सोनं गिऱ्हाइकाचं,
झाडलोट आपली.
म्हणून हात धुतलेलं पाणी पिंपात,
केर डब्यात,
डोकंसुद्धा विंचरायचं ते कागदावर.

अठ्ठ्याऐंशीला दुकान मोडलं.
ज्या बसकरावर सोळा वर्षं मांडी घातली
ते जाळलं, राख चाळली, आटवली:
तीन ग्रॅम.
दीड तुझा, दीड माझा.
पोपटनं त्याचा विकून काठमांडूचं तिकीट काढलं,
तिथनं ढाका, तिथनं दुबई.
मी विट्यात परत येऊन भट्टी टाकली.
माझा मणी तंबाखूच्या डबीत राहिला.
का राहिला, सांगता येत नाही.
भ्यालो असेन.

पुढं पोप्याचा पोपटशेठ झाला.
लेंगरे रोडला तीन मजली बंगला, आत लिफ्ट.
वर्षातनं जत्रेचे पाच दिवस उघडा,
एरवी पोर्चात वॉचमनची शेळी रवंथ करते.
पोरगा सिंगापुरात. काय करतोस रे, विचारलं,
तर म्हणे मोठी माणसं पैसा ठेवतात आमच्याकडं, वाढवायला.
म्हणजे राखोळीच की.
हसला. तसंच काका,
फक्त वासरं आम्हाला दिसत नाहीत.

मला काही कमी नाही, असं म्हणायची पद्धत आहे.

गेल्या जत्रेत, छबिन्याच्या रात्री, पोपट गेला.
मुखात सोनं घालायचं
तर त्या घरात तुकडा सापडेना.
सगळं लॉकरात, बाँडात.
वहिनींच्या गळ्यातलं एक ग्रॅमवालं,
प्रवासात भीती नको म्हणून.
पोरगा फोनवर बोट फिरवत उभा,
त्यात होतं म्हणे अर्धा किलो.
मी घरी गेलो, डबी घेऊन आलो.

तिसऱ्या दिवशी येरळेकाठी सावडायला बसलो.
बाकीचे अस्थी वेचत होते.
माझी बोटं वेगळंच चाळत होती,
पन्नास वर्षांची खोड.
लागला.
तसाच होता, वितळला नव्हता.
चितेची आच सोन्याला कमी पडते,
माणसाला पुरते.
मूठ मिटली.
मी मिटली असं म्हणत नाही.

संध्याकाळी पोरगा आला,
चप्पल बाहेर काढून खाली बसला, बापासारखा.
काका, त्या दिवशीच्या मण्याचे किती झाले?
आजच्या भावानं पाठवतो.
बघू, म्हटलं, हिशोब करून सांगतो.

त्याला सिंगापूरला जाऊन चार महिने झाले.
मेसेज येतो दर रविवारी: काका, हिशोब?
डबी खिडकीत आहे.
तंबाखूचा वास कधीच गेला होता,
आता थोडा दुसरा येतो.
वही काढतो, तारीख घालतो,
पोपटचं नाव लिहितो,
आणि येणं म्हणायचं का देणं,
तिथं पेन झटकत बसतो.