हरभट रोडवरची खरेदी

दुकानदार म्हणाला, बदक न्या की.
बसलं की वाजतंय, काम झालं की टाळ्या पण.
मी बदकाच्या पाठीवर तळहात दाबला.
मार्केट यार्डात पंधरा वर्षं हळद बघतोय,
कांडी मोडून, आतला रंग बघून.
माल हातात घेतल्याशिवाय मला कळत नाही.
बदक डुगडुगलं.
नको म्हणालो.

मग कमोडवर ठेवायची गुबगुबीत कडी आली.
आमच्याकडं कमोड नाही, गावभागातलं जुनं घर,
बोळकंडीच्या टोकाला दोन पायठ्यांचा संडास.
त्यानं कडी परत खिळ्याला टांगली,
मुलाकडच्यांनी पत्रिका परत केल्यासारखी.

त्रिशलाची यादी खिशात होती.
मिरजेच्या लॅबमध्ये रात्रपाळी, म्हणून अक्षर घाईचं:
चड्ड्या बारा, सुती, इलॅस्टिक सैल,
तिची तिला खाली ओढता आली पाहिजे.
मेणकापड दोन हात.
मग, छोटा, तिच्या मुठीत मावणारा.
आणि खाली दोन रेघा मारून:
वाजणारं काही आणू नका.

माझ्या आईनं मला स्वतःच्या दोन पावलांवर बसवलं,
तोंडानं शीऽऽ शीऽऽ करत.
तिला दुकानात जावं लागलं नाही.
माझी पावलं दिवसभर बुटात असतात.

शेवटी निळी खुर्ची घेतली, आतलं भांडं सुटं निघणारी.
दोनशे ऐंशी. वीस कमी करून मागितले, दहा केले.

सुहीनं तिच्यावर आधी बाहुलीला बसवलं,
मग कांद्याला,
मग माझ्या चष्म्याला.
स्वतः मात्र पडद्याआड, पडदा घट्ट धरून,
तोंड लाल करून, उभ्यानंच.
बाहेर येऊन सांगायची, झाली.
झालेली असायचीच.

बाराच्या बारा चड्ड्या दोरीवर, दिवसातनं दोनदा.
मगदूम काकू गॅलरीतनं म्हणाल्या,
काय वो, पताका कशाच्या लावल्यात?

तिसऱ्या आठवड्यात दिवसाचं जमलं.
रात्रीचं नाही.
उठून बसायची, माझ्याकडं बघायची,
आणि मेणकापडावर गरम डाग पसरायचा.
मी ओरडलो एकदा. ते यादीत नव्हतं.

त्याच रात्री पुसताना फरशीवर बसलो
आणि पहिल्यांदा तिच्या उंचीवरनं बोळकंडी बघितली.
बादलीची सावली भिंतीवर,
कुणीतरी वाकून उभं असल्यासारखी.
टोकाला दार, काळं, अर्धवट उघडं.
एवढं लांब मीसुद्धा गेलो नसतो.

दुसऱ्या दिवशी झिरोचा बल्ब आणला, पिवळा, पस्तीस रुपये.
लहान मुलांच्या दुकानात नाही,
वायरी विकणाऱ्या त्या कोपऱ्यावरच्या टपरीत.
निळी खुर्ची त्या उजेडाखाली सरकवली.

आज पहाटे तीनला कुणीतरी माझी करंगळी ओढली.
त्रिशला अजून कामावर.
आम्ही दोघं चालत गेलो, न बोलता,
आमच्या सावल्या बादलीच्या सावलीवरनं गेल्या.
सुही बसली.
मला म्हणाली, तू तिकडं बघ.
मी मीटरबॉक्सकडं बघत उभा राहिलो
बराच वेळ.

नंतर मग तिनंच बुडवला.
अर्धं पाणी तिला लागलं,
अर्धं माझ्या पावलांवर.