चार सेल

प्रत्येक टेबलावर मोजून चार सेल मीच ठेवले,
सही घेतली, जादा मिळणार नाहीत म्हणून बजावलं.
विश्रामबागेतलं आमचं कॉलेज, अडतीस टेबलं,
आणि रात्रभर चालणारं ते, ज्याला पोरं हॅकेथॉन म्हणतात.

पाहुण्या सरांनी फळ्यावर हरिपूरचं पेव काढलं:
वर अरुंद तोंड, खाली मोठं पोट.
"आत हळद. तोंड मातीनं लिंपलेलं. वायर जाणार नाही.
भुंगा कुरतडतोय का, ते यंत्रानं आत बसून ऐकायचं,
वर्षभर, याच चार सेलांवर.
तुमचं न्यूरल नेटवर्क किती मोठं, ते मी विचारणार नाही.
खातं किती, ते विचारीन."

मला नेटवर्क कळत नाही.
मीटर कळतो. सव्वीस वर्षं
या लॅबचे मीटर मीच पुसतोय,
काटा थरथरला की कुणाचा हात चुकला ते सांगतो.

बारा वाजता सगळे काटे उजवीकडे.
जयसिंगपूरच्या पोरांचं जाळं एवढं हुशार
की भुंग्याची जातसुद्धा सांगायचं,
आणि तासाभरात त्यांचे सेल हाताला कोमट.

खिडकीपाशी मिरजेची नौशीन सतारमेकर.
जोडीला श्रेणिक मगदूम, जो रात्रीचं जेवत नाही,
म्हणून त्याची पावभाजी मला मिळाली.
ती जाळ्यातले धागे काढत होती,
एक काढायचा, ऐकायचं,
परत एक काढायचा.
"अब्बा जवारी काढतात तसं," म्हणाली,
"कानस जरा जास्त फिरली
की तार गात नाही, नुसती वाजते."

पावणेतीनला कानस जास्त फिरली.
तिचं जाळं पंख्यालाही भुंगा म्हणायला लागलं.
श्रेणिकनं कपाळ टेबलाला टेकवलं.

मी दाराशी खुर्चीत. डोळा लागला होता, नाकारत नाही.
जिन्यात चप्पल वाजली आणि मी ताडकन उभा:
"कोण हाय?"
वॉचमन होता, पाण्याला आलेला.

नौशीन बघतच राहिली.
"मामा, एवढ्या गोंगाटात झोपलात,
मग चपलेनं कसे उठलात?"
सवय, म्हटलं. एक कान जागा ठेवायचा,
बाकीच्या माणसाला झोपू द्यायचं.

तिनं श्रेणिकला कोपर मारलं.
उजाडेपर्यंत दोघांनी दोन जाळी केली:
एक इवलंसं, दाराशी बसणारं,
"काहीतरी झालं" एवढंच कळणारं,
आणि दुसरं मोठं, आत गाढ झोपलेलं.
काटा शून्याशी असा पडून राहिला
की मी मीटरला दोनदा टिचकी मारून पाहिली.

बक्षीस कराडच्या पोरांना गेलं.
नौशीनच्या दारवानाला
सातातले दोन भुंगे ऐकूच आले नव्हते.
सरांनी माइकवर तसं सांगितलं. तिनं वाद घातला नाही.
"हळू कुरतडणारे निसटले रे," एवढंच श्रेणिकला म्हणाली.

मी खुर्च्या एकात एक घालत होतो.
हात थांबले.
सव्वीस वर्षांत, माझ्या त्या जाग्या कानापुढून,
हळू पावलांनी कोण कोण गेलं असेल?

रजिस्टरात दोन रकाने आहेत, नवे आणि संपलेले.
सदतीस टेबलांचे संपलेल्यात लिहिले.
तिचे चार मीटरला लावले, तर जवळजवळ भरलेले.
कुठं लिहू?

एक भिंतीवरच्या घड्याळात घातला,
गणपतीपासून बंद होतं ते.
उरलेले तीन ड्रॉवरमध्ये आहेत,
झोपलेले.