जिथं ओव्हन होता

सरकारी ट्रेलरमधला ओव्हन एवढासा:
एक पाव, फार तर दोन बटाटे.
आईनं टेप लावून मोजला, दोनदा,
जणू रात्रीतून वाढला असता तो.
तेरा पौंडांची टर्की सिंकमध्ये पाय वर करून पडलेली
आणि आम्ही चौघं तिच्याभोवती,
डॉक्टर अजून यायचा असल्यासारखे.

एमॉसमामा म्हणाला, पिंप.
कचऱ्याचं, पत्र्याचं, नवं कोरं.
नौदलात शिकलो, म्हणाला.
मामा नौदलात दीड वर्ष होता
आणि त्याला जे जे येतं ते सगळं तिथलंच.
बुधवारी त्यानं पिंपात जाळ करून आतलं जस्त जाळलं.
धूर ट्रेलरच्या खिडकीशी आला तेव्हा
माझी जोसी दप्तर भरून दारात उभी होती, बूट घालून.
सात वर्षांची आहे.
कुणी काही सांगितलं नव्हतं तिला.

दोन पाऊस पडून गेले होते,
काउंटीनं आगीवरची बंदी उठवली होती,
तरी जागा शोधायला सकाळ गेली.
वारा न लागणारा एकच कोपरा सापडला: स्वयंपाकघर.
म्हणजे जिथं होतं ते.
कंत्राटदारांनी राखेबरोबर अर्धा फूट माती खरवडून नेली,
आता तिथं लाल चिखल आणि ट्रॅक्टरची नक्षी.
तरी आई तिथून जाताना
अजून टेबलाचा कोपरा चुकवते.

मामानं खुंटी ठोकली.
"तिथं फ्रीज होता," आई म्हणाली.
"डावीकडे घे. अजून थोडं. हां."
मामानं खुंटी उपटली, डावीकडे ठोकली.
एरवी वाद घातला असता त्यानं.

लोणी चोळलं, मीठ चोळलं,
सेजची पानं टिओफिलोच्या कुंडीतली.
त्याचं घर गेलं, कुंडी राहिली, तडाही नाही.
तो हे सांगताना दर वेळी ओशाळतो.
टर्की खुंटीवर उभी बसवली,
वर पिंप पालथं घातलं,
भोवती कोळसे, माथ्यावर कोळशांचा ढीग,
दोन बादल्या, फावडं, नळाला लांब पाइप.
सगळं तयार.
मग काडेपेटी हातोहात फिरत राहिली.
मामा चष्मा पुसत बसला.
टिओफिलो भरलेल्या बादल्या पुन्हा भरायला गेला.
मी टेकडीकडे बघितलं.
"मी ओढू काडी?" जोसीनं विचारलं,
आणि आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

आईनं पेटी काढून घेतली.
काडी ओढली, पूर्वी ओढायची तशीच,
दुसरीकडे बघत,
मला काहीतरी चिरायला सांगत.

दोन तास पिंप उचलायचं नाही.
त्याला काच नाही, आत दिवा नाही.
वळणावर तीन गाड्या थांबल्या, काचा खाली झाल्या,
पुढे गेल्या.
चौथी लाल होती.
भोंगा न वाजवता आली, उगाच घाबरायला नको म्हणून.
दोन पोरं उतरली, स्वयंसेवक,
उंच मुलीच्या हातात हेल्मेट:
"कुणीतरी धूर कळवलाय, माफ करा."
ती पिंपाभोवती एक फेरी मारून आली, हुंगलं,
मग मामाला बाजूला घेऊन गंभीरपणे विचारलं,
मीठ आदल्या रात्री लावलं होतं का.
नियमाप्रमाणे आग विझेपर्यंत
थांबावं लागेल, ती म्हणाली.
ताटं पाच होती. आईनं कागदाच्या दोन काढल्या.

पिंप मामा आणि तिनंच उचललं, तिच्या हातमोज्यांनी.
वाफ. मग कुणीच काही बोललं नाही.
कातडी तांब्याच्या रंगाची,
फक्त उजवी तंगडी काळीठिक्कर.
मामा माफी मागायच्या बेतात होता.
"असू दे," आई वाकून बघत म्हणाली,
"आपला ओव्हनही उजवीकडूनच करपवायचा."

जोसीनं पाठीवरचं दप्तर उतरवलं,
चिखलात आडवं टाकून त्यावर बसली
आणि ताट पुढे केलं:
काळी मला.