एक जागा

खळीची बाटली वाळून दगड झालेली,
म्हणून हिरेमठ मॅडमच्या ड्रॉवरमधल्या टाचण्या घेतल्या
आणि जाहिरात लावायला फलकापाशी गेलो.
आधी कन्नड, मग इंग्रजी, तीन पानं.
जुन्या सेमिनारचं पत्रक काढलं, त्याखालचं त्याहून जुनं,
त्याखाली नुसती भोकं,
मीच पाडलेली, अकरा वर्षांची.

पानं मागंपुढं लागू नयेत म्हणून वाचतो मी नेहमी.
प्राध्यापक सात.
सहयोगी अकरा, त्यातल्या चार जागा मागच्या वेळच्याच, तशाच.
तिसऱ्या पानावर, खालून दुसरी ओळ:
ग्रंथालय परिचर. एक.

एक म्हणजे
दाराजवळची ती खुर्ची,
जिच्या मागच्या पायाखाली कॅटलॉगचं कार्ड दुमडून घातलंय मी,
डुगडुगू नये म्हणून.

वयोमर्यादा अडतीस.
मला एकोणचाळीस लागून तीन महिने झाले.
अनुभव असल्यास प्राधान्य, असंही आहे खाली.
अनुभव आहे की! पण अकरा वर्षांत ठेकेदार चार,
आणि प्रत्येकाच्या वहीत मी नवा, कालच लागलेला.
गोकाकच्यानं तर नाव लिहिलं मसणू.
मष्णू, म्हटलं त्याला, ष पोटफोड्या.
तो म्हणाला, काय फरक पडतोय?
पोरं हसली. कन्नडमधून जा की मराठीतून,
माझं नाव शेवटी एकाच ठिकाणी पोचतं.

टाचणी वाकडी गेली. परत मारली.

"मामा, काय वाचालास एवढं?"
कुद्रेमनीची वैजू. बी.लिब. झालीय,
दोन वर्षं वाचनालयातच बसून परीक्षांचे अर्ज भरते,
पेन माझं नेते, कधी आणून देते.
तिनं बोट फिरवत फिरवत बरोब्बर त्याच ओळीवर थांबवलं.
मग बोट काढून घेतलं.
"तू भरणार असशील की."
भरणार नाही, म्हटलं. कन्नडचा पेपर तू काढशील,
मला बोलायला येतंय, लिहायला घेतलं की मात्रा पळतात.
वयाचं सांगितलं नाही.

नंतर तिला आत नेलं.
दुसऱ्या कपाटाचं कुलूप नुसतं फिरवून निघत नाही,
किल्ली आधी थोडी उचलायची, हे दाखवलं.
गॅझेटियरचा तिसरा खंड कुठंच मिळणार नाही,
तो सरांच्या घरी आहे, पण वहीत लिहायचं नाही.
पावसात खिडकीखालच्या रॅकवर पोतं टाकायचं.
ती वहीत उतरून घेत होती,
मुलाखतीत हे सगळं विचारतात असं समजून.

हायवेवर बस उशिरा आली. कडेला उभा होतो,
ट्रक जात होते, धारवाडकडं, निपाणीकडं.

घरी मालू दारातच.
"जागा निघाल्यात म्हणं, शेजारची सांगालती."
निघाल्या.
"तुझी?"
माझीच निघाली, म्हटलं.

ती पुढचं ऐकायला थांबलीच नाही.
पोराच्या हातात शंभराची नोट,
पाव किलो कुंदा, पळ, गरम बघून आण.

मला शब्द दुरुस्त करायचा होता.
पुडा आला. कागदाला तूप सुटलेलं.
पोरानं पहिला घास माझ्याच तोंडात कोंबला
आणि तोंड भरलेलं होतं.