सुयांची वही

मासेरूच्या कडेला, निळ्या पत्र्याच्या कारखान्यात,
न्थाबेलेंगकडे सुयांची वही असते.
सुई मोडली की मशीन थांबतं, हात वर होतो,
न्थाबेलेंग चुंबक घेऊन येते.
टोक, नेढं, मधला तुकडा,
सगळं सापडलं की वहीत चिकटपट्टीखाली जुळवायचं,
वेळ लिहायची, सही घ्यायची.
मगच नवी सुई.
हा नियम समुद्रापलीकडच्या दुकानाचा.
तो इथे कुणी कधी मोडला नाही.

बाकीचे नियम भिंतीवर.
देशाचा कायदा, पिवळा पडलेला.
दुकानाचा, गुळगुळीत कागदावर, हसऱ्या बायकांच्या फोटोसह.
आणि मालकाचा, मार्करने:
संडासाची किल्ली सुपरवायझरकडे.
तपासनीस येतो त्या दिवशी मागचं दार उघडतं.
जादा तास खुशीने करता ना?
बायका म्हणतात, हो.

तिचा बाप सरहद्दीपलीकडे सोन्याच्या खाणीत उतरायचा.
खिळ्यावर पितळी बिल्ला अडकवून खाली,
वर आला की काढून घ्यायचा.
संध्याकाळी जो बिल्ला लटकत राहील
त्याच्या माणसाला शोधायला माणसं जात.
फुफ्फुसातली धूळ मात्र कुठल्या देशाची,
यावर दोन्ही कचेऱ्यांचं अजून ठरत नाही.

मार्चमध्ये कुठल्याशा राजधानीत जकात वाढली.
रेडिओने आकडा सांगितला, मग हवामान, मग फुटबॉल.
ऑर्डर गेली, जिथे मिनिट स्वस्त आहे तिथे.
(इथेही ती अशीच आली होती, कुणाच्या तरी हातातून.
न्थाबेलेंगला ठाऊक आहे.
त्या वर्षी तिने नवी घोंगडी घेतली होती.)

शेवटच्या दिवशी मात्शेपोची सुई मोडली.
दोन तुकडे मिळाले. टोक नाही.
राहू दे आता, मॅनेजर म्हणाला,
हातात कुलूप खुळखुळवत.
तिने चुंबक फिरवला फरशीवर, टोपलीत,
मात्शेपोच्या केसांतसुद्धा.
धातू हुडकणारं यंत्र सकाळीच खोक्यात गेलं होतं.
तिने लिहिलं: टोक, नाही.
सहीची जागा कोरी.

वही घरी आहे.
मागच्या पानांवर मुलगा भागाकार करतो,
बाकी उरली की खोडतो.

टोक कुठल्यातरी कंबरपट्टीत शिवलं गेलंय.
पेटीत. बोटीत.
एखाद्या लखलखीत दुकानात, पडद्याआड,
कुणीतरी बटण लावताना कळवळेल,
आपापल्या भाषेत.