बघू काय उठतंय

फ्रीमन स्ट्रीटच्या मंडईत गॅरीनं कोळंबी तोलली,
वर मूठभर काळे शिंपले टाकले,
"घे, बदका," म्हणाला.
ग्रिम्सबीत लाडानं बदक म्हणतात
हे आत्याला समजावता समजावता बस चुकली.
दुसरी येईस्तोवर
ती पिशवीत नाक घालून उभी.
"ताजी आहे," म्हणाली,
"पण दचकलेली दिसते. थंडीनं असेल."

मी दिवसभर कारखान्यात
गोठलेल्या माशांचं तापमान लिहिते:
उणे एकोणीस, उणे वीस, उणे एकोणीस.
संध्याकाळी काहीतरी उकळताना बघावंसं वाटतं.
मोठ्या पातेल्यात पाणी, पाण्यात मीठ.
"अगं, किती!"
समुद्राइतकं, असं पाकिटावर लिहिलंय.
"कुठल्या समुद्राइतकं?"
ते पाकिटावर नव्हतं.

बाह्या सारून
ती कोळंबीचा काळा दोरा काढायला बसली.
तिचे हात मनगटापर्यंत गोरे,
नव्हे, पांढरे,
कोपराशी पुन्हा आमच्या घरचा रंग,
मध्ये बेटं, खाड्या, तुटका किनारा.
लहानपणी मी त्यावरून बोटाची होडी चालवायचे.
ती चालवू द्यायची.

एकोणिसाव्या वर्षी पहिला डाग.
सगळ्या अलिबागनं निदान केलं:
माशांवर दूध प्यायली असणार.
बघायला आलेले पोहे अर्धे टाकून उठले,
पुढे कुणी आलंच नाही.
छत्तीस वर्षं तिनं पोस्टात
दुसऱ्यांच्या लग्नपत्रिकांवर शिक्के मारले.
खरं तर तिला दुधाचा वासही सोसत नसे.
कुणी विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.

लसूण लोण्यात. लाल होऊ द्यायची नाही.
शिंपल्यांवर झाकण;
आत थोडी कुजबुज, मग एकेक उघडला.
दोन उघडले नाहीत.
"ते फेक," ती म्हणाली, "हटून बसलेलं खाऊ नये."

मग क्रीमचा डबा हातात घेतला
आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.
कसली बाई मी!
इतक्या लांबून आलेल्या बाईला
नेमकं हेच करून घालायला निघाले.
फ्रीजमध्ये टोमॅटो होते. अजून वेळ होता.
"आत्या, लालही करता येईल हं."

तिनं डबा काढून घेतला,
झाकणाची पट्टी दातानं ओढली,
सगळा ओतला. तळाचंही निपटलं.
"एकाहत्तर पूर्ण झाली मला.
बघू आता काय उठतंय.
आच कमी कर, फाटेल."

पास्त्याची पेज वाटीभर राखली होती,
ती घातली, कोळंबी घातली,
ती लाजल्यासारखी गुलाबी होऊन वळली.
मी चीज किसायला घेतलं आणि थबकले:
इटलीत माशांवर चीज घालत नाहीत म्हणे.
"का? त्यांच्यात काय उठतं?"
ओट्याला धरून दोघी इतक्या हसलो
की पास्ता जरा जास्तच शिजला.

बाहेर चार वाजल्यापासूनचा अंधार,
गोदीच्या बाजूला दोन-तीन दिवे.
काट्याला पास्ता गुंडाळणं तिला जमेना.
"तुमच्याकडे बरंय,
काटा माशात नसतो, हातात असतो," म्हणाली
आणि सरळ बोटांनी खाऊ लागली.

"दुधाचा वास येतोच."
नाक मुरडलं. पुढचा घास घेतला.
"लिंबू पिळ अजून."
पिळलं.

तिच्या मनगटावर सॉसचा थेंब उडाला होता,
पांढऱ्यावर पांढरा,
मला दिसला तो ओल्या चकाकीमुळे.
तिनं तो जिभेनं टिपला
आणि ताट पुढे केलं.